वसंताचा बहर, कार्तिकाचा ताण

व्यापारी कुटुंबात मार्च महिना फुलांचा म्हणून ओळखला जात नाही. वर्षअखेरचा ताळेबंद, गोदामातील मालाची मोजदाद, राहिलेल्या उधारीचा तगादा आणि कर सल्लागाराकडील फेऱ्या यांत घरातील कर्ती माणसे इतकी गुंतलेली असतात की फाल्गुन संपून चैत्र लागल्याचे पुष्कळदा गुढीपाडव्यालाच ध्यानात येते. नेमक्या याच दिवसांत परसातील किंवा गॅलरीतील मोगऱ्याला पहिल्या कळ्या धरतात. रात्री उशिरा दुकान वाढवून घरी आलेल्या माणसाला त्या दिसत नाहीत. जिन्याच्या वळणावर त्यांचा वास तेवढा येतो.

चैत्र आणि वैशाख हे वसंताचे दोन महिने. दख्खनच्या पठारावर या काळात गवत वाळलेले असते, विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि दुपारचा पारा चाळिशीकडे निघालेला असतो. तरीही मोगरा, चाफा, बोगनवेल, लिली, पेट्रिया ही सारी मंडळी याच उन्हात फुलतात. पाणी मुबलक असताना ती केवळ पाने धरतात आणि पाण्याची ओढ लागली की फुलतात, हे पाहणाऱ्याला कोड्यासारखे वाटते. वस्तुतः त्यात कोडे असे काही नाही.

फुलझाडांचे दोन वर्ग व्यापाऱ्याला त्याच्याच भाषेत सांगता येतील. पेटुनिया, पॅन्सी, डायॅन्थस यांसारखी हंगामी रोपे म्हणजे महसुली खर्च: नोव्हेंबरात आणावीत, मार्चअखेरपर्यंत त्यांचा आनंद घ्यावा आणि खात्यातून कमी करावीत. बहुवर्षायू झाड हा भांडवली खर्च होय. मात्र यंत्रावर, फर्निचरवर दरवर्षी घसारा काढावा लागतो. नीट सांभाळलेला मोगरा पुढील वर्षी वाढीव किमतीनेच ओढला जातो. पहिल्या वसंतात ओंजळभर कळ्या देणारे झाड चौथ्या-पाचव्या वसंतात रोज एक परडी भरते. या मालमत्तेत अडचण एकच आहे. तिचे उत्पन्न वसंतात दिसते, पण ते ठरते चार-पाच महिने आधी. पावती चैत्रातली, व्यवहार कार्तिकातला. ज्यांना हे ठाऊक नसते ते चैत्रात खत घालतात, पाणी वाढवतात, कुंडी हलवतात आणि शेवटी रोपवाटिकेला दोष देतात.

सांगलीच्या गणपती पेठेत हळदीचा व्यापार असलेल्या एका कुटुंबाचा अनुभव या दृष्टीने सांगण्यासारखा आहे. दुकान पुढे आणि राहता वाडा मागे, अशी त्यांची जुन्या पद्धतीची वास्तू. परसात मोगऱ्याची एक जुनी जाळी होती. ती आक्कांच्या सासूबाईंनी लावलेली. कोपऱ्यात पांढरा चाफा आणि भिंतीकडेला लाल लिलींची ओळ. न्हाणीघराचे पाणी दगडी सारणीने परसात येई आणि मोगऱ्याच्या आळ्यातून पुढे चाफ्याकडे जाई. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आक्कांना या बागेसाठी आपण काही विशेष केले असे कधीच वाटले नाही. उन्हाळाभर गजरे होत, शेजारीपाजारी ओंजळी जात, एवढेच.

2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर पेठेत शिरला आणि वाड्यात पाणी उभे राहिले. ते ओसरायला बरेच दिवस लागले, आणि ओसरल्यावर परसात गाळाचा जाड थर उरला. झाडाची मुळेही श्वास घेतात. माती पाण्याने तुडुंब भरून राहिली की त्यांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. लिलीचे कंद हाताला मऊ लागू लागले. चाफ्याची साल सुटली. मोगऱ्याने दोन महिने तग धरल्याचा भास निर्माण केला; दिवाळीपर्यंत त्याच्या काड्या वाळून कोळ झाल्या. कुटुंब विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत राहावयास गेले. दुकान पेठेतच राहिले.

मोगरा मात्र पूर्णपणे गेला नव्हता. आक्कांच्या थोरल्या लेकीने लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात माहेरच्या जाळीचे एक दाब कलम सोलापूरला नेले होते. वीस-बावीस वर्षांत त्याचीही जाळी झाली होती. दोन वर्षांनी त्याच जाळीचे एक रोप डब्यात घालून सोलापूरहून सांगलीला परत आले आणि पूर्वेच्या गॅलरीत चौदा इंची कुंडीत लागले.

ते रोप जगले, वाढले, हिरवेगार झाले. फुलले मात्र नाही. पहिल्या वसंतात चार-दोन कळ्या आल्या, दुसऱ्यात तेवढ्याही नाहीत. सूनबाई रोज सकाळी नेमाने तांब्याभर पाणी घालीत, पंधरवड्याला द्रवखत देत. ओळखीतल्या कोणी सांगितले, झाड नर आहे, उपटून टाका. (मोगऱ्यात नर आणि मादी अशी निराळी झाडे नसतात, हा समज पपईवरून मोगऱ्याकडे कसा आला कोण जाणे.) शेवटी सूनबाईंनी सासूबाईंनाच विचारले.

“आक्का, सोलापूरला वन्संकडे परड्या भरतात म्हणे. इथलं पाणी बाधतंय का याला?”

“पाणीच बाधतंय, पण इथलं म्हणून नव्हे,” आक्का म्हणाल्या. “तू रोज घालतेस म्हणून. वाड्यात आम्ही वीट लावत होतो की गं.”

वीट लावणे म्हणजे काय, हे घरात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते. दिवाळीच्या पाडव्याला दुकानात वहीपूजन झाले की आक्कांच्या सासूबाई परसात जाऊन मोगऱ्याच्या आळ्याच्या तोंडाशी एक वीट आडवी ठेवीत. पाणी आळ्यात न शिरता बाहेरून वळून जाई. चाफ्याच्या आळ्यालाही तसाच दगड लागे. संक्रांत उलटून आठ-दहा दिवस झाले की मोगरा छाटला जाई, आळ्यात शेणखत पडे आणि वीट काढली जाई. सासूबाईंनी कारण कधी सांगितले नाही, आक्कांनी कधी विचारले नाही. तिसऱ्या मजल्यावर सारणी नव्हती. म्हणून वीटही राहिली नाही, आणि विटेबरोबर तिचा अर्थही वाड्यातच राहिला.

हा अर्थ सांगली-सोलापूरकडील शेतकऱ्याला नवा नाही. डाळिंबाचा किंवा लिंबाचा बहार धरताना तो हेच करतो. आंबे बहारासाठी नोव्हेंबर-डिसेंबरात बागेचे पाणी तोडले जाते. पाने पिवळी पडून गळू लागतात. त्यानंतर छाटणी, खत आणि जानेवारीच्या सुमारास पुन्हा पाणी. यालाच बागेला ताण देणे म्हणतात. मुबलक पाणी आणि नत्र मिळत असेल तोवर झाड नवी पाने काढण्यातच रमते. पाणी तुटले की वाढ थांबते, आणि पानांनी तयार केलेले अन्न खर्च न होता काड्यांत व मुळांत साठू लागते. मग छाटणी होऊन पाणी मिळताच या शिलकीवर नवे फुटवे जोमाने येतात. मोगऱ्याच्या कळ्या या नव्या फुटव्यांच्याच टोकाशी येतात. ज्याने हिवाळाभर पाणी घातले त्याच्या झाडापाशी जुन्या काड्या आणि जुनी पाने असतात, शिल्लक नसते.

सूनबाईंना हे पटले, तरी करवेना. गॅलरीच्या कठड्यावर पक्ष्यांसाठी पाण्याचे परळ ठेवणाऱ्या घरात झाडाचे पाणी तोडणे जड जाणारच. डिसेंबरात मोगऱ्याची पाने पिवळी पडू लागली तेव्हा त्या दोनदा तांब्या घेऊन गेल्या आणि दोनदा आक्कांनी हाक मारून परत बोलावले. अर्थात आक्कांचा वाड्यातील नियम गॅलरीत जसाच्या तसा लागू होत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. जमिनीतील झाडाची मुळे खोल ओल शोधतात. कुंडीतील मुळांना जाण्यासाठी जागा नसते. कुंडीतील मोगऱ्याला म्हणून पूर्ण कोरडे ठेवू नये. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी हळूहळू कमी करावे आणि डिसेंबरात आठ-दहा दिवसांतून एकदा, माती जेमतेम भिजेल इतकेच घालावे. काडी नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर झाड विश्रांती घेत आहे, तपकिरी दिसले तर ती काडी गेली.

जानेवारीच्या शेवटच्या पंधरवड्यात छाटणी करावी. येथे बहुतेकांचा हात कचरतो. शेंडे खुडणे म्हणजे छाटणी नव्हे. वाळलेल्या, बारीक, एकमेकींत गुंतलेल्या काड्या बुंध्यापासून काढाव्यात आणि उरलेल्या सशक्त फांद्या निम्म्यावर आणाव्यात. कुंडीतील झाड दीड फुटापेक्षा उंच राहू नये. तासगाव भागात द्राक्षाची खरड छाटणी ज्यांनी एप्रिलमध्ये पाहिली आहे त्यांना या कठोरपणाचे आश्चर्य वाटणार नाही. छाटणीनंतर वरची दोन इंच माती उकरून दोन-तीन दिवस ऊन लागू द्यावे, मग दोन ओंजळी पूर्ण कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून कुंडी भरपूर भिजवावी. या दिवसापासून पाण्याचा हात आखडायचा नाही. पंधरा-वीस दिवसांत फुटवे दिसतात, साधारण दीड महिन्यात कळ्या. मार्च-एप्रिलच्या उन्हात तर कुंडीला रोज पाणी लागते.

ऊन निदान पाच-सहा तास हवेच. उत्तरेच्या गॅलरीत मोगरा लावून वर्षानुवर्षे कुढत बसणे व्यर्थ होय. त्या जागी दुसरे काही लावावे.

मोगऱ्याइतकीच विश्रांतीची गरज असलेले, पण तिच्यामुळेच सर्वाधिक गैरसमजाला बळी पडणारे झाड म्हणजे मे महिन्यात फुलणारी फुटबॉल लिली. काही घरांत तिला मे फ्लॉवर म्हणतात. मूळची ही आफ्रिकेची. हिवाळ्यात हिची पाने पिवळी पडून पूर्ण नाहीशी होतात आणि कुंडीत केवळ माती दिसते. घरातील कोणी तरी शिस्तप्रिय माणूस रिकामी कुंडी पाहून तीत कोथिंबीर पेरतो आणि वर रोज पाणी घालतो. झोपलेला कंद कुजतो. ज्यांच्या घरी हा प्रसंग टळतो त्यांना मे महिन्यात, वळवाच्या पहिल्या एक-दोन सरींच्या सुमारास, जमिनीतून एक जाड दांडा वर येताना दिसतो. त्याच्या टोकाशी शेकडो बारीक लाल फुलांचा, मुलांच्या चेंडूएवढा गोल तयार होतो. आठवडाभर, फार तर दहा दिवस तो टिकतो, आणि वर्षभर पुन्हा काही नाही. एवढ्यासाठी वर्षभर कुंडी अडवावी का, हा प्रश्न हिशेबी माणसाला पडेल. ज्या घरात लहान मुले आहेत त्यांनी अडवावी. कुंडीवर नावाची पट्टी मात्र जरूर लावावी.

तिची नातलग म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये कर्ण्याच्या आकाराची मोठी लाल, गुलाबी किंवा पांढरी फुले देणारी लिली. रोपवाटिकेत ती अमरिलिस या नावाने मिळते; वनस्पतिशास्त्रात तिचे नाव हिप्पीॲस्ट्रम आणि तिचे मूळ घर दक्षिण अमेरिका. ज्या घरात कांदा उंबरठा ओलांडत नाही त्या घरातही हा कांद्यासारखा दिसणारा कंद सन्मानाने नांदतो. विनोद बाजूला ठेवला तरी हा कंद विषारी आहे. नवीन कंद स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवू नयेत आणि मुलांच्या हाती देऊ नयेत. लावताना कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीच्या बाहेर राहावा. पूर्ण पुरलेला कंद मानेशी कुजतो. या लिलीला ऐसपैस कुंडी मानवत नाही. कंदाभोवती दोन बोटे जागा पुरते. पावसाळाभर पाने जोमाने वाढू द्यावीत, कारण पुढच्या वसंताचा दांडा त्या पानांच्या कमाईवर येतो. फुले संपताच पाने कापून कुंडी स्वच्छ करणारे लोक दुसऱ्या वर्षी फुलाची वाट पाहत बसतात. नोव्हेंबर ते जानेवारी पाणी जवळजवळ बंद, फेब्रुवारीत पुन्हा सुरू. पुष्कळदा पानांआधी दांडाच वर येतो. तीन-चार वर्षांनी कुंडीत पिल्ले दाटली की ती वेगळी करावीत.

पांढऱ्या चाफ्याला हिवाळ्यात पाने नसतात, आणि पाने नसलेल्या झाडाला पाणी लागत नाही, इतके ध्यानात ठेवले तरी चाफा सांभाळता येतो. कुंडीतला चाफा मरतो तो हमखास जानेवारीत, पाणी घालणाऱ्याच्या हातून. मंदिराच्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या दिसणारे हे झाडही मूळचे अमेरिकेतील उष्ण प्रदेशाचे आहे. प्ल्युमिएरिया हे त्याचे शास्त्रीय नाव शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडले. चाफ्याची हातभर फांदी कापून सावलीत आठवडाभर सुकू द्यावी, कापलेल्या जागी चीक वाळला की वाळूमिश्रित मातीत खोचावी. ओली फांदी लगेच लावली तर ती सडते. चीक त्वचेला आणि डोळ्यांना बाधतो, तेव्हा हात लगेच धुवावेत.

बोगनवेल तर ताणावरच जगते. फिलिबर कॉमर्सन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला ती 1767 मध्ये ब्राझीलमधील रिओ येथे आढळली, आणि ज्या जहाजमोहिमेबरोबर तो निघाला होता तिच्या प्रमुखाचे, बूगनव्हिलचे, नाव वेलीला मिळाले. तिचे रंगीत भाग फुले नसून पाने आहेत. खरे फूल आतले लहानसे पांढरे. पाने किंचित मलूल दिसेपर्यंत पाणी देऊ नये, मग एकदाच भरपूर द्यावे. दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या रखरखीत गॅलरीत, जेथे दुसरे काही टिकत नाही, तेथे ती मार्चपासून रंगाने भरते.

ताणाचा नियम असा हाती लागला की तो सगळ्याच झाडांना लावण्याचा मोह होतो. सांगलीच्या सूनबाईंनाही तो झाला, आणि मोगऱ्याशेजारचा अनंत त्यात सापडला. अनंत हा बारमाही हिरवा, उथळ मुळांचा. त्याच्या कळ्या वसंतापूर्वीच धरू लागतात आणि फुगायला फार वेळ घेतात. या काळात माती एकदा जरी कोरडी पडली तरी हिरव्या कळ्या टपटप गळतात. त्याला हिवाळ्यातही मातीत सौम्य ओलावा हवा, आणि दुपारच्या उन्हापासून आडोसा हवा. सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या भागांतील बोअरच्या जड पाण्याने त्याची पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस विरघळवून महिन्यातून एकदा मुळांशी द्यावा, आणि शक्य असेल तेव्हा साठवलेले पावसाचे पाणी घालावे. चुलीची किंवा बंबाची राख मोगऱ्याला थोडी चालते, अनंताला मुळीच नाही. ती मातीचा आम्लपणा कमी करते.

पेट्रियाच्या बाबतीत चूक पाण्याची नसून कात्रीची होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये या वेलीवर निळ्या-जांभळ्या फुलांचे लोंबते घोस येतात. आतले गडद फूल गळून गेले तरी बाहेरचा फिक्या निळ्या रंगाचा पाच पाकळ्यांसारखा निदलपुंज कित्येक दिवस तसाच राहतो. खरबरीत, कागदासारखी वाजणारी पाने ही तिची दुसरी खूण. मोगरा नव्या फुटव्यावर फुलतो, तर पेट्रिया गेल्या वर्षीच्या पक्व फांद्यांवर. म्हणून मोगऱ्याबरोबर जानेवारीत तिचीही छाटणी उरकली तर त्या वर्षीचा सगळा बहर केराच्या टोपलीत जातो. तिची छाटणी फुले संपल्यावर, एप्रिल-मेमध्येच करावी. बंगल्याच्या कमानीसाठी ही उत्तम. सदनिकेच्या गॅलरीत हिला कोंडू नये.

एप्रिलमध्ये काश्मीरची सहल करून आलेली पुष्कळ कुटुंबे श्रीनगरचे ट्युलिप उद्यान पाहून हरखतात आणि पुढच्या हिवाळ्यात कंद मागवतात. ट्युलिपला विश्रांती हवी असतेच, पण ती थंडीची. दहा-बारा आठवड्यांची कडक थंडी मिळाल्याखेरीज त्याचा दांडा नीट वाढत नाही. शीतकपाटात ठेवलेले कंद एकदा फुलवता येतात, दुसऱ्या वर्षी ते सांगलीच्या मातीत परत येत नाहीत. थंड देशांत जे काम बर्फ करतो ते दख्खनवर कोरडा हिवाळा करतो. येथे जी झाडे वर्षानुवर्षे टिकली ती या कोरडेपणाशी जमवून घेणारी आहेत.

खतासंबंधी एक गोष्ट जैन घरांनी विशेष पाहून घ्यावी. कंदवर्गीय फुलझाडांसाठी आणि मोगऱ्यासाठी रोपवाटिकेत सर्रास बोनमील सुचवले जाते. बोनमील म्हणजे जनावरांच्या हाडांची पूड. तयार मातीच्या पिशवीतही ती अनेकदा मिसळलेली असते आणि पिशवीवरील बारीक अक्षरांत तिचा उल्लेख कोणी वाचत नाही. ती स्फुरद आणि कॅल्शियमसाठी घालतात. हीच दोन्ही द्रव्ये सिंगल सुपर फॉस्फेटमधून मिळतात; बारा इंची कुंडीला छाटणीच्या वेळी चहाचा एक चमचा पुरे. माती विकत घेण्यापूर्वी विचारावे, आणि नीट उत्तर मिळाले नाही तर शेणखत, निंबोळी पेंड व बागेची माती घरीच मिसळावी. स्वस्तही पडते.

किडीचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तेथे फूल आणि जीव यांतून निवड करण्याची वेळ येते. मोगऱ्याच्या कळीत शिरणारी अळी कळी जांभळट करून वाळवते. फवारणी टाळू इच्छिणाऱ्या घराने उपाय आधीच करावा लागतो: झाडाला उन्हात व मोकळ्या हवेत ठेवणे, दाट काड्या छाटणे, तळाचा पालापाचोळा साठू न देणे, नत्राचा मारा न करणे आणि पूर्ण वाढलेली कळी रोज संध्याकाळी खुडणे. बाधलेल्या कळ्या दिसल्या तर त्या काढून दूर मोकळ्या जागी झाडाखाली ठेवाव्यात. पिठ्या ढेकणाची सुरुवात असेल तर बाधलेली फांदीच कापून तशीच बाहेर न्यावी. एवढे करूनही काही कळ्या जातील. शंभरातल्या दहा कळ्या गेल्या तर त्या हिशेबात सूट म्हणून धराव्यात. व्यापारात यापेक्षा मोठी सूट द्यावी लागते.

विश्रामबागेतील गॅलरीत त्या वर्षी छाटणीनंतर मोगऱ्याच्या जागी सात-आठ ठेंगण्या काड्या उरल्या होत्या. मुलगा दुकानातून आल्यावर त्या पाहून काही बोलला नाही, पण “वाळलं बहुतेक” असे त्याच्या चेहऱ्यावर होते. फेब्रुवारीच्या मध्याला फुटवे आले. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, हिशेबनिसाची माणसे घरातच कागद पसरून बसलेली असताना, सूनबाईंनी अकरा कळ्या वाटीत आणून आक्कांपुढे ठेवल्या. एप्रिलअखेर परडी लागू लागली. आक्कांनी पहिल्या दिवशी कळ्या हुंगून एवढेच म्हटले, “सासूबाईंचाच आहे.”

बहर जूनच्या पहिल्या पावसापर्यंत चालला. मृगाच्या सरी सुरू झाल्यावर आक्कांनी खुर्ची गॅलरीत मागवली आणि सूनबाईंकडून दाब कलमे करवून घेतली. बुडालगतची लवचिक फांदी शेजारच्या कुंडीत वाकवावी; पेराखालची साल बोटभर खरवडावी; तो भाग दोन इंच मातीत पुरून वर वजन ठेवावे आणि फांदीचे टोक बाहेर उभे राहू द्यावे. अडीच-तीन महिन्यांत मुळे धरतात, मग मातृवृक्षापासून कापून वेगळे करायचे. वजनासाठी मुलाने पेठेतून येताना वाड्याच्या परसातल्या दोन विटा आणल्या होत्या.

दसऱ्यापर्यंत तीन रोपे तयार झाली. एक खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाने नेले. दुसरे आक्कांनी धाकट्या लेकीसाठी इचलकरंजीला पाठवले. तिसरे मुलाने दुकानामागे वाड्याच्या परसात नेऊन लावले. जमिनीत नव्हे, तर भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते तिच्या वरच्या अंगाला, गच्चीवर.